तक्त्यातला चुकलेला महिना

११ डिसेंबर १९६१, सोमवार. त्या दिवशी हातात घेतलेलं काम म्हणजे बाळंतपणाच्या रजिस्टरातल्या पाच लाल खुणांचं कारण शोधणं.

मी तेव्हा धामणगाव रेल्वे या गावातल्या एका लहानशा प्रसूती केंद्रात नर्स होते. तीन खाटा, एक कपाट, एक वजनकाटा, एक आया आणि मी. महिन्यातून एकदा अमरावतीहून लेडी डॉक्टर येत, अडलेल्या केसेस बघत आणि रजिस्टर तपासत. डिसेंबरच्या फेरीत त्यांनी पाच नोंदींसमोर लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. खाली लिहिलं होतं, "अकाली, आणि वजन साडेसहा पौंड? कारण काय?"

मे ते नोव्हेंबर या काळात पाच मुलं माझ्या तारखेच्या महिनाभर आधी जन्मली होती. महिनाभर आधी जन्मलेलं मूल किडकिडीत असतं, त्याला दूध ओढता येत नाही. ही पाचही ठणठणीत होती. तरी तारीख सांगते ते खरं, असं धरून मी त्यांना अकाली लिहिलं आणि कापसात गुंडाळून ठेवायला लावलं. उन्हाळ्यातही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तारीख म्हणजे माझ्या तक्त्यावरची तारीख. हा तक्ता मी अठ्ठावन्न साली पातूरला असताना तयार केला. बायका शेवटच्या पाळीचा दिवस तिथीनं सांगत, इंग्रजी तारीख कोणालाच ठाऊक नसे. प्रत्येकीसाठी पंचांग उघडा, तिथीची तारीख काढा, मग नऊ महिने सात दिवस मोजा, यात वेळ जाई आणि घाईत चुका होत. म्हणून मी एका मोठ्या चौकटीच्या कागदावर वर बारा महिने लिहिले, डावीकडे शुद्ध प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत तीस तिथ्या, आणि प्रत्येक घरात हिशेब करून बाळंतपणाची तारीख भरून ठेवली. महिना बघा, तिथी बघा, दोन बोटं जिथे मिळतील ते उत्तर. दरवर्षी नव्या पंचांगावरून नवा तक्ता.

छप्पन साली आम्ही धम्म घेतल्यापासून आमच्या घरी पंचांग येत नव्हतं. पण बायका तिथीच सांगत, त्याला माझा इलाज नव्हता. म्हणून मी बाजारातून एक पंचांग घ्यायची आणि ते केंद्राच्या टेबलाच्या खणात, कात्री आणि फितीच्या शेजारी ठेवायची. घरी न्यायची नाही.

पातूरला तक्ता तीन वर्षं चालला. पहिल्याच वर्षी अधिक श्रावणानं मला फसवलं होतं. दोन श्रावण आले आणि माझ्या कागदावर एकच रकाना. ती चूक मी तेव्हाच दुरुस्त केली. त्यानंतर चार-सहा दिवस इकडेतिकडे व्हायचे, तेवढे चालतात. तक्ता चांगला आहे हे पाहून माझ्याबरोबर शिकलेल्या दोघींनी तो उतरवून नेला, एक अकोल्याला आणि एक चांदूर बाजारला. पातूरला माझ्या जागी आलेल्या मुलीलाही मी एक प्रत दिली. मला त्याचा अभिमान होता, हे सांगायला हरकत नाही.

तर सोमवारी सकाळी झाडलोट झाल्यावर मी रजिस्टर, तक्ता आणि पंचांग घेऊन बसले.

पहिला संशय अर्थातच अधिक महिन्यावर. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, आणि चूक बरोबर एका महिन्याची. पण पाचही जणींच्या शेवटच्या पाळ्या त्याच्या आधीच्या होत्या. शिवाय तक्ता एकदा तिथीची इंग्रजी तारीख काढली की पुढे इंग्रजी महिन्यांनीच मोजतो. मध्ये अधिक महिना आला काय, न आला काय, उत्तर तेच. पाचांतलं पहिलं मूल तर अधिक महिना लागायच्या आधीच जन्मलं होतं. अधिक महिना सुटला.

दुसरा संशय माझ्या हातावर. उतरवताना एक रकाना सरकला असेल. मी पाच घरं पंचांगाशी ताडून पाहिली, मग त्यांच्या आजूबाजूची वीसेक पाहिली. सगळी बरोबर होती.

आया समोर बसून कापसाचे बोळे वळत होती. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, त्यामुळे मला काहीही बोलायची तिला मोकळीक होती.

"बाई, सकायपासून त्या कागदाले काहून डोळे लावून बसल्या? बाया इसरतात. मले माह्या सोताच्या पोरायचे दिवस आठवत नाई."

"विसरल्या तर कोणी आठ दिवस विसरेल, कोणी वीस दिवस. पाचही जणी बरोबर एकेक महिनाच कशा विसरतील?"

"आता ते मले काय इचारता? मी काय पंचांगवाली हाओ?"

पण माझ्याच उत्तरानं मला पुढची वाट दाखवली. चूक जर इतकी सारखी आहे तर ती कुठल्या तरी एकाच जागी होत असणार. मी पाच तिथ्या एका ओळीत लिहिल्या. पाचही वद्य पक्षातल्या. शुद्धातली एकही नाही.

मला वाटलं, सापडलं. वद्य पक्षाची घरं पुन्हा तपासली, तर ती बरोबरच. मग रजिस्टरातली वद्य पक्षातली बाकीची बाळंतपणं काढली. अकरा होती आणि अकराही वेळेवर. म्हणजे वद्य पक्षात काही जणींना तक्ता बरोबर सांगत होता आणि काही जणींना महिनाभर पुढची तारीख देत होता. कागदाला बाई ओळखू येते की काय?

मी चिडून पाचही जणींची वर्णनं मोठ्यानं वाचली. डाळमिलच्या मुनिमाची सून. स्टेशनजवळच्या हलवायाची मुलगी. पिठाच्या गिरणीवाल्याची बायको. अशा पाच.

आयाचे हात थांबले. "ह्या तं पाची जणी हिंदीवाल्या हायेत बाई."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? घरात हिंदी, मारवाडी बोलतात त्या. मुनिमाची बायको माह्याशी बोलते तं मले अर्धं समजते, अर्धं मी मनानं लावतो."

तिचं खरं होतं, आणि ते मला रजिस्टरात दिसणं शक्य नव्हतं. कारण त्या "फागुन बदी" म्हणत आणि मी लिहिताना "फाल्गुन वद्य" लिही. रजिस्टर सगळं माझ्या मराठीत होतं. आणि पातूरला अशी घरं माझ्याकडे येत नसत.

जुन्या तक्त्याच्या पाठीवर मी चार चौकोन आखले. मराठी बायका, शुद्ध: वेळेवर. मराठी बायका, वद्य: वेळेवर. हिंदी बायका, सुदी, म्हणजे आपला शुद्ध: वेळेवर. हिंदी बायका, बदी: पाचही महिनाभर आधी. चारांपैकी एकच चौकोन बिघडलेला होता. कुठे चुकतंय ते कळलं, का चुकतंय ते कळेना. मुसलमान बायका चांद सांगत, त्यांच्यासाठी माझा कागदच वेगळा होता. म्हणजे सगळ्यांचे महिने सारखे नसतात हे मला माहीत होतं. पण चैत म्हणजे चैत्र आणि फागुन म्हणजे फाल्गुन, त्यात काय विचारायचं?

मग मला त्या चौकोनातली सहावी बाई आठवली. ती अजून बाळंत व्हायची होती.

ती कापसाच्या एका जिनिंगच्या चौकीदाराची बायको. तिच्या सासऱ्यांचं घर उत्तरेकडून येऊन इथं स्थायिक झालेलं, गाव त्यांना परदेशी म्हणे. वय बावीस. आधी दोन मुलं झाली होती आणि दोन्ही अडून, मेलेली निघाली होती. तिची हाडाची वाट अरुंद होती. ऑगस्टमध्ये लेडी डॉक्टरांनी तिला तपासून स्पष्ट सांगितलं होतं की हे मूल पोट उघडूनच काढावं लागेल. ते अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातच होईल, आणि कळा सुरू व्हायच्या आधी, तारखेच्या दहा दिवस अगोदर तिला तिथं दाखल करायचं. धामणगावात कळा सुरू झाल्या तर बाळ जाईल, कदाचित आईही.

रजिस्टरात तिच्यासमोर माझ्या अक्षरात होतं: चैत्र वद्य पंचमी. तारीख १३ जानेवारी. दाखल करणे, ३ जानेवारी.

सोमवार हा तपासणीचा वार. अकराच्या सुमाराला ती सासूबरोबर आली. मी तिला खाटेवर झोपवलं. मूल हाताला मोठं लागत होतं, आणि डोकं अजून वरच, मोकळं. मागच्या वेळीही ते मला मोठं वाटलं होतं आणि मी मनात म्हटलं होतं, पाणी जास्त असेल. हाताला कळलेलं मी तक्त्याच्या भरवशावर खोडून काढलं होतं.

"शेवटची पाळी कधी आली होती ते परत सांग," मी म्हटलं.

"लिखा तो है आपने," ती म्हणाली. "चैत बदी पंचमी."

"तुला इतकं नक्की कसं आठवतं?"

तिनं सासूकडे पाहिलं. सासूनंच सांगितलं, "याद कैसे नहीं रहेगा? रंगपंचमी थी. सब बाहर रंग खेल रहे थे और ये कोने में बैठी रो रही थी."

मी हातातली फीत खाली ठेवली. "रंगपंचमी? रंगपंचमी तर फाल्गुनात असते."

"फागुन में कैसे होगी?" सासू हसली. "होली जली, फागुन खतम. दूसरे दिन से चैत लग गया. तुम्हारे यहां नहीं लगता?"

आमच्याकडे नाही लागत. आमचा महिना अमावास्येला संपतो. होळीनंतर आणखी पंधरा दिवस फाल्गुन चालतो आणि पाडव्याला चैत्र लागतो. त्यांचा महिना पौर्णिमेलाच संपतो. शुद्ध पक्ष दोघांचा एकाच नावाचा, म्हणून तिथे काही बिघडत नव्हतं. वद्य पक्षाचं नाव मात्र त्यांच्याकडे एक महिना पुढचं. त्यांचा चैत बदी म्हणजे आमचा फाल्गुन वद्य. आणि मी बोट ठेवत होते चैत्राच्या रकान्यात.

मी पंचांग उघडलं. त्या वर्षीची रंगपंचमी मार्चच्या सात तारखेला होती. नऊ महिने आणि सात दिवस. चौदा डिसेंबर.

त्या दिवशी अकरा तारीख होती.

मी सासूला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सरळ सांगितलं. "माझी तारीख चुकली. जानेवारी नाही. येत्या गुरुवारी आहे. आज दुपारच्या गाडीनं हिला अमरावतीला न्या."

ती म्हणाली, "चार महीने से जनवरी-जनवरी कर रही हो. मैंने बहन को जनवरी में बुलाया है. अब बोलती हो गुरुवार. कल बोलोगी, हो गया."

"चूक माझी आहे. तुमच्या सुनेची नाही, तुमची नाही."

"तुम लोग पंचांग मानते नहीं, इसलिए ये गड़बड़ हुई."

"मानत नाही," मी म्हटलं. "वाचते. पण तुमच्या घरचं कसं वाचायचं ते आज कळलं."

आया दारात उभी राहून ऐकत होती. ती मध्ये पडली. "अवो मावशी, भांडता काय? पोरीच्या पोटाकडं पाहा. हे काय जानेवारीचं पोट हाये?"

मी सासूला रजिस्टर दाखवलं. वाचता येत नव्हतं, पण लाल खुणा दिसत होत्या. एकेक सांगत गेले: मुनिमाची सून, हलवायाची मुलगी, गिरणीवाल्याची बायको. सगळ्यांना मी महिनाभर पुढची तारीख दिली होती आणि सगळ्या महिनाभर आधी बाळंत झाल्या. ही घरं तिच्या ओळखीची होती. मुनिमाच्या नातवाला तिनं स्वतः पाहिलं होतं.

"वो मुनीमजी का पोता?" ती म्हणाली. "सब बोले आठवें का है, बचेगा नहीं. मैंने तभी बोला था, आठवें का बच्चा ऐसा दहाड़ मारके रोता है क्या?"

"तुम्ही बरोबर होतात आणि मी चूक."

हे ऐकल्यावर तिचा आवाज उतरला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. आधीच्या दोन्ही वेळी सुनेच्या उशाशी तीच होती. शेवटी म्हणाली, "आज तो वो पुलगांव गया है, माल के साथ. शाम को आएगा. बेटे को पूछे बिना पेट कैसे चिरवाऊं?"

गाडी दुपारी होती आणि चौकीदार संध्याकाळी यायचा होता. मी तिच्याशी वाद घातला नाही. सुनेला घरी जाऊ दिलं नाही, एवढंच केलं. केंद्रातली मधली खाट दिली, पायऱ्या उतरायच्या नाहीत, काही उचलायचं नाही, म्हणून आयाला तिच्याजवळ बसवलं. सासूला सांगितलं की मुलगा आला की त्याला थेट इथं पाठवा.

दुपारी मी लेडी डॉक्टरांना पत्र लिहिलं. केसची माहिती, खरी तारीख, आणि पाच लाल खुणांचं उत्तर. कारण या शब्दापुढे लिहिलं, "चूक माझ्या तक्त्याची." मग तीन पोस्टकार्डं लिहिली, अकोल्याला, चांदूर बाजारला आणि पातूरला. त्यांत जास्त काही नव्हतं. तक्ता वापरण्याआधी प्रत्येक बाईला विचारा, तुमची रंगपंचमी कुठल्या महिन्यात येते? फाल्गुन म्हणाली तर तक्ता आहे तसा बघा. चैत म्हणाली तर वद्य पक्षासाठी एक रकाना मागे जा. ज्यांच्या तारखा आधीच देऊन झाल्या आहेत त्यांना घरी जाऊन विचारा. हाच प्रश्न भिंतीवरच्या तक्त्याच्या डोक्यावर लाल शाईनं लिहिला.

चौकीदार पाचच्या सुमाराला आला. सहा फुटी माणूस, दारातून वाकून आत आला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आप साथ आएंगी?"

मला येता येणार नव्हतं. दुसरी एक बाई त्याच आठवड्यात मोकळी व्हायची होती आणि केंद्र आयावर टाकता येत नव्हतं. ते सांगितलं. त्यानं मान हलवली आणि बायकोजवळ जाऊन म्हणाला, "सवेरे की गाड़ी से."

निकाल सांगून टाकते, लपवून ठेवण्यासारखं काही नाही. तिला बुधवारी रात्री कळा सुरू झाल्या, पण तोवर ती अमरावतीच्या खाटेवर होती. गुरुवारी चौदा तारखेला ऑपरेशन झालं. मुलगी, सात पौंड. दोघीही सुखरूप परतल्या. सासूनं चौकीदाराबरोबर निरोप पाठवला, "बाई को बोलना, चौदा तारीख बराबर निकली. हमारे चैत से." धामणगावात असेपर्यंत तिनं हे मला निदान दहा वेळा ऐकवलं, आणि ऐकवण्याचा तिला हक्क होता. लेडी डॉक्टरांनी पुढच्या फेरीत लाल प्रश्नचिन्हांवर आडवी रेघ मारली आणि आपल्या हाताखालच्या इतर केंद्रांसाठी तक्ता उतरवून मागितला, रंगपंचमीच्या प्रश्नासकट.

हे सगळं नंतरचं. त्या सोमवारनंतरची मंगळवारची सकाळ सांगायची राहिली.

मी साडेपाचला उठले. चौकीदार, त्याची आई आणि ती, तिघांबरोबर स्टेशनवर गेले, कारण डोळ्यांनी गाडीत बसलेलं पाहिल्याशिवाय माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. सासूच्या हातात डॉक्टरांसाठी लिहिलेलं पत्र दिलं आणि बडनेऱ्याला गाडी बदलताना सुनेला चालवू नका, असं दोनदा बजावलं. गाडी हलल्यावर पोस्टकार्डं टपालपेटीत टाकली. तिथून केंद्रावर न जाता मुनिमाच्या घरी गेले. त्यांचा नातू तीन आठवड्यांचा झाला होता आणि माझ्याच सांगण्यावरून अजून कापसात होता, त्याला एकदाही आंघोळ घातलेली नव्हती. मी त्याच्या आजीला कढत पाणी ठेवायला सांगितलं, पाटावर बसून पाय पसरले, कापूस सोडला आणि त्या पोराला आंघोळ घातली. तो दहाड मारून रडला.